सुवर्णचाफ्याच्या मुळांतल्या मुंग्या

एका राज्यात जमीन थोडी आणि पाणी फार होते. बेटे नऊ, त्यांवर माणसे शेकड्यांनी, समुद्रपक्षी लक्षांनी. तेथील राजा जलकेतू याने दूरदेशीच्या एका मांत्रिकाच्या बागेतला सुवर्णचाफा, न विचारता, मुळांसकट उपटून जहाजाने आणविला.

आठव्या दिवशी त्याच्या मुळांतून लाल मुंग्यांची धार निघाली. मुंगी मोहरीएवढी, डंख निखाऱ्यासारखा. त्यांनी घरट्यांतील पिलांचे डोळे घेतले, विहिरींच्या वाटा अडविल्या. महिन्याभरात पाच बेटे ओस पडली.

राजकन्या सुवेला आंधळी पिले ओटीत गोळा करीत होती. एक म्हातारा समुद्रपक्षी खडकावर उतरून म्हणाला, "कन्ये, हा शाप आहे. ज्याचे झाड, त्याच्याकडे जा."

ती होडीने गेली. मांत्रिक कालाक्षाने तिला आसन दिले.

"शाप तीन गोष्टींनी उतरेल," तो म्हणाला. "मुंग्यांच्या राणीला तळहातावर घे, एकही मुंगी मारू नकोस. चोराने आपली चोरी भरसभेत सांगावी. मग राणीसह झाड जेथले तेथे आण."

परतताच सुवेलेने मुळांतल्या वारुळात हात घातला. खांद्यापर्यंत आग चढली. डोळ्यांतून पाणी वाहिले, पण तिने मूठ वळली नाही. द्राक्षाएवढी, मधासारखी झळझळीत राणी येऊन तळव्यावर बसली.

तोच सुजलेला हात पुढे धरून ती सभेत उभी राहिली.

"बाबा, आपण बोलावे."

"राजाने स्वतःला चोर म्हणावे?"

"दुसऱ्या कोणी म्हणून चालायचे नाही."

जलकेतू सिंहासनावरून उठून त्या हाताजवळ आला. मग मुकुट उतरवून म्हणाला, "झाड मी चोरले. मला मोह आवरला नाही."

पहाटे झाड होडीत चढले. वल्ही राजाने घेतली. मागे नऊही बेटांवरून मुंग्या पाण्यात उतरल्या आणि एकमेकींना धरून त्यांनी लाटांवर लाल रस्ता केला, पार क्षितिजापर्यंत. त्या रस्त्याच्या टोकाशी सूर्य उगवला. राजाचे हात थांबले. सुवेलेला हाताची आग आठवेना. बापलेक श्वास रोखून नुसती पाहत राहिली.

सुवर्णचाफा आपल्या जागी रुजला. राणी मुळांत शिरली, मागोमाग सारी सेना. त्याच घटकेस तिकडे बेटांवर पिलांचे डोळे उघडले आणि माणसे घरांकडे वळली.

पुढे बंदरात जहाज लागले की राजा स्वतः पहिल्या पायरीवर बसे, आणि आलेल्या प्रत्येक रोपाची मुळे आपल्या हातांनी धुऊन घेई.