टिचकीची गाडी आणि मूठभर दाणे

एक होती खार. तिचं नाव टिचकी. अंगाने एवढीशी. राग मात्र मोठ्ठा.

टिचकीची होती एक गाडी. गाडीला चाकं डबीच्या झाकणांची. गाडीत होतं दाण्यांचं पोतं. घरी होती तीन पिल्लं. पिल्लांना लागली होती भूक. म्हणून गाडी निघाली घाईघाईने. खुडखुड खुडखुड. खुडखुड खुडखुड.

टिंग! नट पडला.
धप्प! चाक पडलं.
गाडी खाली बसली.

समोरच होतं माकडाचं गॅरेज. माकड मेस्त्री बसला होता शेपटी हलवत.

"मेस्त्री, मेस्त्री, एवढा नट पिळून द्या."

"आधी बघावं लागेल," मेस्त्री म्हणाला. "बघायचे मूठभर दाणे."

टिचकीने दिले मूठभर दाणे. मेस्त्रीने ते डब्यात टाकले. खळ्ळ. मग वाकून बघितलं. हं हं हं.

"चाक गेलं. आस गेला. बूड गेलं. अख्खी गाडीच गेली. सगळं नवं घालावं लागेल. अख्खं पोतं दे."

"अहो, नुसता नट पिळायचाय."

"अख्खं पोतं दे."

"मग माझे मूठभर दाणे परत द्या."

"बघितलं ना मी? ते माझे झाले."

एका नटाला अख्खं पोतं. ऐकलंय का कुणी असं? टिचकीचं नाक झालं लाल. शेपटीचा झाला झाडू.

"राहू दे," टिचकी म्हणाली. "माझी गाडी मी नीट करीन."

तिने चाक लावलं. नट लावला. पिळला, पिळला, पण इवल्या पंजांनी घट्ट होईना. मग तिने गाडी ओढली. खरड खरड. खरड खरड. ओढ्याकाठी आणली. ओढा होता आटलेला. काठावर बसला होता खेकडा.

"खेकडेभाऊ, खेकडेभाऊ, नट पिळतोस?
चाक काही बसेना,
गाडी काही हलेना,
मेस्त्री मागतो अख्खं पोतं,
पिल्लं घरी भुकेली,
आणि मला आलाय राग,
हा एवढा मोठ्ठा राग."

खेकडा म्हणाला, "मी नट पिळीन. पण माझ्या नांग्या वाळल्यात. पाणी आण, मग पिळीन. तोवर तुझं पोतं मी राखतो."

टिचकी चालली रागारागाने. फण फण फण फण. वाटेत लागली विहीर.

"विहीरमावशी, विहीरमावशी, पाणी देतेस?
खेकडा नट पिळेना,
चाक काही बसेना,
गाडी काही हलेना,
मेस्त्री मागतो अख्खं पोतं,
पिल्लं घरी भुकेली,
आणि मला आलाय राग,
हा एवढा मोठ्ठा राग."

विहीर म्हणाली, "मी पाणी देईन. पण माझ्या करवंटीचा दोर तुटलाय. दोर आण, मग देईन."

टिचकी चालली रागारागाने. फण फण फण फण. वाटेत लागला माड. उंचच उंच.

"माडआजोबा, माडआजोबा, दोराला काथ्या देता?
विहीर पाणी देईना,
खेकडा नट पिळेना,
चाक काही बसेना,
गाडी काही हलेना,
मेस्त्री मागतो अख्खं पोतं,
पिल्लं घरी भुकेली,
आणि मला आलाय राग,
हा एवढा मोठ्ठा राग."

माड म्हणाला, "मी काथ्या देईन. पण माझ्या शेंड्यावर भुंगा बसलाय. कोवळा कोंब कुरतडतोय. भुंगा हाकल, मग देईन."

टिचकी सरसर वर चढली. भुंग्याने शिंग रोखलं. टिचकी सरसर खाली आली. आता तर तिला आणखीच राग आला. फण फण फण फण. कुंपणावर बसला होता कावळा.

"कावळेदादा, कावळेदादा, भुंगा हाकलतोस?
माड काथ्या देईना,
विहीर पाणी देईना,
खेकडा नट पिळेना,
चाक काही बसेना,
गाडी काही हलेना,
मेस्त्री मागतो अख्खं पोतं,
पिल्लं घरी भुकेली,
आणि मला आलाय राग,
हा एवढा मोठ्ठा राग."

कावळा म्हणाला, "मी भुंगा हाकलीन. पण माझ्या पायात काटा रुतलाय. सुई आण, काटा काढ, मग हाकलीन."

"सुई कुणाकडे आहे?"

"मेस्त्रीकडे. मूठभर दाणे दिले की देतो."

परत मेस्त्री? परत मूठभर दाणे? टिचकीने पाय आपटले. थाड थाड थाड.

"सुई नको नि मेस्त्री नको. माझे दात काय शोभेचे आहेत? पाय पुढे कर."

कुट्ट! काटा निघाला.

कावळा उडाला. काव काव काव.
भुंगा पळाला. घूं घूं घूं.
माडाने टाकला काथ्या. थप्प.
टिचकीने वळला दोर. गर गर गर.
विहिरीत गेली करवंटी. बुडुक.
पाणी आलं वर. डुचमळ डुचमळ.
खेकड्याच्या नांग्या भिजल्या.
खेकड्याने धरला नट. टिचकीने धरलं चाक.
कर्र कर्र कर्र.

नट झाला घट्ट. टिचकीने खेकड्याला दिले मूठभर दाणे. त्याने मागितले नव्हते, तरी दिले. आणि गाडी निघाली घरी. खुडखुड खुडखुड. खुडखुड खुडखुड.

वाटेत तेच गॅरेज. मेस्त्रीची स्वतःची लाल गाडी उभी होती वाकडी.

"टिचकीताई, टिचकीताई, थांब. माझ्या गाडीचं चाक डुगडुगतंय."

"तू मेस्त्री ना? मग नीट कर की."

मेस्त्रीने डोकं खाजवलं. त्याने आजवर नुसतं बघितलं होतं. पिळलं कधीच नव्हतं.

"तू जरा बघतेस?"

"बघायचे मूठभर दाणे," टिचकी म्हणाली.

मेस्त्रीने तोंड वाकडं केलं. डबा उघडला. मूठभर दाणे दिले. टिचकीने ते पोत्यात टाकले. मग वाकून बघितलं. हं हं हं.

"नट सैल झालाय."

"मग पिळून दे ना."

"तुझा तू पीळ."

खुडखुड खुडखुड. खुडखुड खुडखुड. घर आलं. पिल्लं धावली. दाणे खाल्ले. कुटुरकुटुर कुटुरकुटुर.

धाकटं पिल्लू म्हणालं, "आई, तुझा राग गेला?"

"गेला," टिचकी म्हणाली. "पण थोडा ठेवलाय. परत कुणी एका नटाला पोतं मागितलं, तर लागेल."

गाडी लागली दारात,
गोष्ट निजली घरात.