पागोट्याची खळ

ऐन दरबारात शार्दूलराजांच्या पागोट्यावर पांढऱ्या गुठळ्या दिसल्या आणि शेजारच्या राज्याचा वकील रुमालाआड हसला. राज्यावर इतकं मोठं संकट कैक वर्षांत आलं नव्हतं. ताबडतोब गोजरा परटिणीला बोलावणं गेलं.

"खळ नीट विरघळवली नाहीस," राजे म्हणाले.

"विरघळण्यासारखी होती तेवढी विरघळली, महाराज. कोठीतून खळीसाठी येणाऱ्या तवकिलाच्या पिठातच खोट आहे."

कोठीवाले त्रिंबकराव फणकारले, "हात हिचे आळशी, नाव माझ्या तवकिलाला!"

राजांनी तोड काढली. "हिला दहा तोळे तवकील द्या. गोजरा, त्यातलं किती विरघळतं ते संध्याकाळपर्यंत मोजून सांग. नाहीतर गाव सोड."

राजपंडितांनी खुलासा केला, की विरघळलेली वस्तू दिसत नाही, चिमटीत येत नाही, सबब मोजता येत नाही. एवढं सांगायला त्यांना तीन श्लोक आणि दोन विडे लागले.

गोजराला घर आठवलं. गाव सोडायचं तर आंधळ्या सासूला कुठे न्यायचं? पण पंडितांचं बोलणं संपेपर्यंत विचार करायला तिला भरपूर वेळ मिळाला. तिने सोनाराचा काटा मागवला. एक तलम फडकं आधी कोरडंच तोललं. मग तवकील उकळत्या पाण्यात घोटून त्या फडक्यातून गाळलं आणि स्वच्छ पाणी निथळेपर्यंत वर आधण ओतत राहिली. शेवटी फडकं उन्हात खडखडीत वाळवून पुन्हा काट्यावर ठेवलं.

"फडकं चार तोळ्यांनी जड झालं, महाराज. म्हणजे सहा तोळे विरघळले."

"मी विरघळलेलं मोजायला सांगितलं होतं."

"ते पाण्याबरोबर गेलं. जे राहिलं ते मोजलं, की गेलेलं आपोआप कळतं."

राजांनी फडक्यावरचा थर बोटाने खरवडला. मूर्तीची शाडूमाती ती.

"हिने नीट ढवळलंच नाही!" त्रिंबकराव घाम पुसत म्हणाले.

"तसंही असेल," गोजरा नम्रपणे म्हणाली. "रावसाहेबांचे हात काही आळशी नाहीत. हे चार तोळे त्यांनीच ढवळून विरघळवावेत."

राजे इतके हसले की पागोटं कलंडलं. कोठीच्या किल्ल्या त्यांनी तिथल्या तिथे गोजराच्या ओटीत टाकल्या आणि त्रिंबकरावांपुढे पातेलं ठेवायला सांगितलं.

"सावकाश होऊ द्या, रावसाहेब," गोजरा म्हणाली. "माती विरघळली, की सांगा. मी काटा घेऊन येते."