देवस्थळीसाहेबांचा हुकूम

घाटमाथ्यावरच्या चंद्रभागाबाई गवस यांची लेक बाळंतपणाला यायची होती. घरातल्या वायरी जळून गेल्या होत्या आणि नव्या टाकायला परवानगी मिळत नव्हती. "घर पाहिल्याशिवाय सही करणार नाही," असं वीज कार्यालयातले देवस्थळीसाहेब दर वेळी सांगत, पण येत मात्र नसत.

अखेर एका संध्याकाळी ते आले. खिडकीतून शिरलेलं धुकं माजघरात तरंगत होतं आणि भिंती त्यात विरघळल्यासारख्या वाटत होत्या. साहेब चाचपडत थांबले.

"बाई, काहीच दिसत नाही. आधी दिवे लावा."

"लावते की," चंद्रभागाबाई शांतपणे म्हणाल्या. "तेवढा हुकूम लेखी द्या, साहेब."

साहेब हसले. मग खिडकीपाशी जाऊन उरल्यासुरल्या उजेडात त्यांनी परवानगीवर सही केली.