राजमतीचं शिवणकाम

"बायकोच्या नावावर चार पैसे दाखवले, यात चोरी कसली, अण्णा? सगळं जग दाखवतंय."

अण्णा हेरवाडेंनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत लावला.

जयसिंगपुरात पन्नास वर्षं लोकांचे हिशेब आणि कराचे कागद बघून अण्णांनी आता कचेरी बंद केली होती. तरी दुपारचे तीन वाजले की त्यांच्या घरापुढच्या सोप्यात कोणी ना कोणी फाईल घेऊन येऊन बसेच. फी विचारली की ते म्हणत, "ऐकलंस तर दे." त्यामुळे फी फारशी जमत नसे.

भरतेश मगदूम मात्र आल्यागेल्यातला नव्हता, शिष्य होता. सहा वर्षं याच सोप्यात मांडी घालून त्यानं किर्द लिहिली होती. पुढे भडंगाचा कारखाना काढला, अकरा माणसं कामाला लावली आणि आपला हिशेब आपणच बघायचा असं ठरवलं. गुरूपेक्षा आपण दोन पावलं पुढं आहोत, असं त्याला मनातून वाटे. मनातच ठेवलं असतं तर बरं, पण तो चारचौघांत सांगायचाही.

आज पंधरा वर्षांनी तो ही पायरी चढला होता.

"कधीपासून दाखवतोस?" अण्णांनी विचारलं.

"चौदा वर्षं झाली."

"धंदा कुठला दाखवलास?"

"शिवणकाम."

"राजमती शिवते?"

भरतेशला हसू आलं. "तुम्ही पण काय, अण्णा... सुईत दोरा ओवायचा म्हटलं तर शेजारच्या काकूंना हाक मारती. काहीतरी लिहायचं म्हणून लिहिलं. माझ्या विक्रीतलं थोडं तिच्याकडं वळवायचं. तिचं अडीच लाखांच्या आत ठेवलं की तिला कर नाही, आणि माझा नफा तेवढा उतरतो. पैसा परत कारखान्यातच. तिच्याकडनं उसने घेतले, असं लिहितो."

"ती सही करते?"

"सुरुवातीला कोऱ्या फॉर्मवरच सह्या घेऊन ठेवायचो. आता काय, रिटर्न भरताना ओटीपी येतो तिच्या मोबाइलवर. मी बाहेरनं विचारायचो, ती स्वयंपाकघरातनं ओरडून सांगायची. दोन मिनिटांचं काम."

हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जरा तेज आलं होतं. चौदा वर्षांत एक नोटीस नाही, एक चूक नाही. हे अण्णांना तरी जमलं असतं का?

"मग अडलं कुठं?"

भरतेशचं तेज उतरलं.

"ती ओटीपी देईना झालीय."

"आणि?"

"आणि... भट्टीकडं येईना झालीय."

अडलं होतं ते असं. भडंगाचा मसाला राजमती भाजत असे. पहाटे चारला उठून लसूण, मिरची, धणे, खोबरं, सगळं तिच्या हातानं. पुण्यापर्यंत भडंग जात होतं ते त्या हातावर. धुरानं तिचे डोळे चुरचुरत. धुराडं असलेलं भाजणीचं यंत्र घ्या, असं ती तीन वर्षं म्हणत होती, आणि भरतेश तीन वर्षं "पुढच्या साली" म्हणत होता. शेवटी कंटाळून ती आपली आपण बँकेत गेली. तिथल्या साहेबानं तिचे कागद बघितले आणि अगदी आदरानं म्हणाला, "ताई, तुमचा व्यवसाय शिवणकामाचा आहे. शिलाई मशीन घ्या, उद्या कर्ज देतो. मसाल्याच्या यंत्राला कसं देऊ?"

राजमती घरी आली. भांडली नाही, रडली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठलीच नाही.

"आज नववा दिवस," भरतेश म्हणाला. "काही बोलायला गेलं की म्हणती, मी शिवणकामवाली, मसाल्यातलं मला काय कळतंय? बायकामाणसांनी मनावर घेतलं की संपलं, अण्णा. कामगारांकडून भाजून घेतलं, तर पुण्याच्या दुकानदारानं सहा पोती परत पाठवली. सोमवारी तो स्वतः येतोय. चव जमली तर गणपतीची ऑर्डर, नाहीतर कायमचा रामराम. तो गेला तर कारखान्याला कुलूपच."

"मी काय करू?"

"तिला बोलवून दोन शब्द सांगा. एवढा ओटीपी दे म्हणावं आणि भट्टीकडं ये म्हणावं. तुमचा शब्द ती मोडायची नाही."

अण्णांनी हात पुढे केला.

"वही आणलीस?"

भरतेशनं पिशवीतून वही काढली. हिशेब संगणकावर असला तरी पगाराची वही तो हातानं लिही. ती सवय अण्णांचीच. तिच्यासोबत भडंगाचं एक पाकीटही बाहेर आलं. गुरूकडे रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून त्यानं निघताना, कामगारांनी केलेल्या मालातलंच, उचललं होतं. अण्णांनी ते जवळ ओढून फोडलं, पण खाल्लं नाही.

"वाच. कोण काय करतं ते सांग."

"शिवगोंडा, भट्टीवर. चुरमुरे भाजतो. आक्काताई आणि सुरेखा, शेंगदाणे निवडायला. दस्तगीर, टेम्पोवर..." त्यानं अकराही नावं वाचली. प्रत्येकाचा पगार, प्रत्येकाची सही. वही आरशासारखी स्वच्छ होती आणि ते त्याला ठाऊक होतं.

"मसाला कोण भाजतं?"

"ते काम घरचंच."

"घरचं कोण?"

"राजमती. सांगितलं की आत्ताच."

"वहीत वाच."

"वहीत ती कशी असंल, अण्णा? घरचंच माणूस."

अण्णांनी चिमूटभर भडंग तोंडात टाकलं. सावकाश चावलं. पुन्हा एक चिमूट घेतली. भरतेश त्यांच्या जबड्याकडे बघत राहिला.

"अगदी बरोबर झालंय," अण्णा म्हणाले.

"बरोबर? अहो, सहा पोती परत आलीत."

"वहीप्रमाणे झालंय."

भरतेशला आधी कळलं नाही. मग कळलं, तेव्हा त्याचे कान तापले. सहा वर्षं या माणसानं त्याला असंच चिमटे काढत शिकवलं होतं, आणि पंधरा वर्षांत तो ते चिमटे विसरला होता.

पण तोही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता.

"ठीक आहे," तो म्हणाला. "उद्यापासून तिचा पगार लिहितो. पण कायदा तुम्हीच शिकवलाय. बायकोचा पगार नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. पदवीबिदवी असेल तर गोष्ट वेगळी. मसाला भाजायची पदवी कुठं मिळती? एका रुपयाचा फायदा नाही."

"मग पगार लिहू नकोस. भागीदार कर."

"...कुणाला?"

"दस्तगीरला कर, मी कुठं नाही म्हणतोय?" अण्णा म्हणाले. "भागीदारीची फर्म काढ. काम करणाऱ्या भागीदाराला मानधन घेता येतं, ते फर्मच्या खर्चात बसतं. ती तिच्या मानधनावर कर भरेल, तू तुझ्या. व्यवसाय काय, असं बँकेनं विचारलं तर भडंगाचा, असं सांगेल. मागच्या वर्षांचं जेवढं दुरुस्त करता येतं तेवढं करायचं."

"दंड बसेल."

"बसेल."

"लाखात जाईल, अण्णा!"

"जाईल."

भरतेश उठून सोप्याच्या कडेला गेला. बाहेर टेम्पो उभा होता, दारावर रंगवलेलं नाव "मगदूम भडंग". दंडाचं त्याला वाईट वाटत होतं, पण खरं टोचत होतं ते दुसरंच. कागदावर तिचं नाव असणं वेगळं आणि धंदा तिचा असणं वेगळं. उद्या कामगार मालकीणबाई म्हणून तिच्याकडं रजा मागायला जातील. यंत्र घ्यायचं का, हे ती ठरवील. आपण इतकी वर्षं उन्हातान्हात फिरून हा डोलारा उभा केला आणि ही एका सहीत अर्ध्याची धनीण? त्याला राग आला. रागाच्या मागोमाग, पहाटेच्या धुरात डोळे पुसणारी राजमती आठवली आणि तो राग कुठं ठेवावा हे त्याला कळेना.

तो परत येऊन बसला.

"अण्णा, माझंच कारखान्यातलं तिला द्यायचं म्हणजे..."

"तिचं काही निघतं का तुझ्याकडं?"

"तिचं कसलं निघणार?"

"तूच म्हणालास, उसने लिहितोस. किती झाले?"

"...अठरा लाख."

"कधी देणार?"

"ते खरे कुठं आहेत, अण्णा!"

"खोटे आहेत, असं लिहून देशील?"

खरे म्हणावं तर बायकोचे अठरा लाख देणं. खोटे म्हणावं तर चौदा वर्षांची चोरी स्वतःच्या अक्षरात. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही आपणच खणलेली...

आतून अण्णांच्या सुनेनं चहा आणून ठेवला. दोघांनी तो घेतला.

"करतो," भरतेश म्हणाला. "भागीदार करतो. तुम्ही मसुदा लिहा."

अण्णांनी ताव ओढला आणि लिहायला घेतलं. अक्षर अजून ओळीत होतं. फर्मचं नाव. पत्ता. भागीदार पहिला, सौ. राजमती भरतेश मगदूम. भागीदार दुसरा, श्री. भरतेश पायगोंडा मगदूम. आपलं नाव दुसरं आलेलं भरतेशनं बघितलं, पण आता त्यावर हुज्जत घालायचं त्राण त्याच्यात नव्हतं. काम कोणी काय करायचं, बँकेत सही कोणाची, सगळं अण्णांनी भराभर लिहून काढलं. नफ्याचा हिस्सा असं लिहिलं, त्यापुढे दोन मोकळ्या रेघा ओढल्या आणि थेट तळाशी गेले.

त्यांनी ताव फिरवून भरतेशपुढं सरकवला आणि पेन पुढं केलं.

"कर सही."

"टक्के भरायचे राहिलेत."

"राहिले नाहीत. राजमती भरेल."

"म्हणजे... आधी तिला दाखवतो, ती भरू दे, मग मी वाचून करतो की सही."

"आत्ता कर. घरी जाऊन कागद तिच्या हातात दे."

भरतेशनं पेन घेतलं. पंधरा लिहील? पन्नास लिहील? नव्वद लिहिले तर? इतक्या वर्षांच्या संसारात तिला हिशेबातलं एकदाही काही विचारलं नव्हतं, त्यामुळे ती काय लिहील याचा त्याला काही म्हणजे काही अंदाज येईना. पेनाचं टोक कागदाच्या वर येऊन थांबलं.

"अण्णा," तो म्हणाला, "कोऱ्या कागदावर सही करायची नाही. मी इथं आलो त्या पहिल्या दिवशी तुम्हीच मला हे शिकवलंत."

"शिकवलं."

"मग?"



"तुला मी शिकवलं," अण्णा म्हणाले. "तिला कुणी शिकवलं?"