पहिल्या नंबरचा दगड

माझं कुणी खरं मानलं नाही. वर्षभर मी हीच तक्रार गावात करत फिरले. विहिरीवर केली, राशनच्या रांगेत केली, दळण टाकताना केली. शेवटी लोक मला पाहून गल्ली बदलायला लागले. म्हणून आता लिहूनच काढते. गोष्ट आहे, तर गोष्टीसारखीच सांगते.

एका गावात एक तोंडाळ बाई राहत होती. शिक्षण चौथी पास, आवाज मात्र धानाच्या दोन बांध्या ओलांडून जाणारा. ती बाई मीच.

आमचं गाव मँगनीजच्या खाणीवर जगलेलं. पुरुष खोदायचे, आम्ही बाया दगड फोडायचो आणि वेचायचो. काळाभोर, जड तो पहिला नंबर. हलका, भुरका तो फेकायचा. तळहातावर दगड ठेवला की कळायचं, वजनकाटा लागायचा नाही. पुढे खाण बंद पडली. बारा वर्षं झाली, पण हाताची सवय गेली नाही. अजूनही वाटेत काळा दगड दिसला की आमच्या बाया वाकतात, उचलतात, तोलून बघतात आणि मगच पुढे जातात.

अशा गावात अधिक महिन्यात डोमाजी मुकादमाचा जावई वाण घ्यायला आला. हेमराज त्याचं नाव. सासूनं चांदीच्या वाटीत अनारसे वाढले. त्यानं बॅगेतून मखमलीची डबी काढली. डबीत एक दगड होता.

संध्याकाळी मुकादमाच्या अंगणात सगळं गाव जमलं.

हेमराज म्हणाला, "एका कंपनीला परमुलखात मँगनीजचा अख्खा डोंगर सापडला जी. हा त्याच डोंगराचा दगड. कंपनीचा एक शेअर आज चार रुपयाला आहे. दिवाळीपर्यंत चाळीस होईल. जन्मभर तुम्ही खाणीत घाम गाळला आणि मालक झाले दुसरे. आता तुम्ही मालक व्हा."

मुकादमानं दगड तळहातावर घेतला. डोळे मिटले. दोनदा वरखाली केला.

"पहिला नंबर," तो म्हणाला.

मग दगड या हातातून त्या हातात फिरला. ज्यानं त्यानं तोलला, मान हलवली. "खरंच जी, पहिला नंबर." "असा माल आपल्या खाणीतही क्वचितच निघे." म्हाताऱ्या सायत्राबाईनं तर दगडाला कुरवाळलं. गावाला दगडातलं सगळं कळत होतं, तेच गावाला नडलं. दगड शंभर जणांनी पारखला. कंपनी एकानंही पारखली नाही.

फिरत फिरत दगड माझ्या हाती आला. माल चोख होता, त्यात शंका नाही. पण एका बाजूला बारीक भेग होती आणि भेगेत लाल रंग होता. मी पाहिलं आणि ताडकन उठले.

तो रंग गेरूचा होता. आमच्या खाणीत बायांनी वेचलेल्या दगडाचा चौकोनी ढीग लावत. खाणीचा बाबू फीत लावून मोजे. मोजून झालं की ढिगावर गेरूचं पाणी शिंपडत, म्हणजे तोच माल कुणी परत मोजायला आणू नये. आसपासच्या सगळ्या खाणींत हीच रीत. नव्या डोंगरातून कालपरवा निघालेल्या दगडाला गेरू कुठून लागणार?

"हा दगड मोजून झालेला आहे!" मी ओरडले. "कोणत्या तरी जुन्या खाणीच्या ढिगावरून उचललाय. डोंगरबिंगर काही नाही. जवाईबापू, तुम्ही एक तर येडे आहात, नाही तर चोर."

मग एकदम सगळे माझ्यावर तुटून पडले.

"अव, अधिक महिन्यात जवायाले चोर म्हणते?"

"लाल माती लागली असन, त्याचं एवढं कायले?"

"तिचं काय घेऊन बसले! तिले सकाळी कावळा दिसला तरी ती त्याच्याशी भांडते."

सगळे हसले. हेमराजही हसला. "मामीजी, मातीच आहे जी ती," म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं, हे मला फार नंतर कळलं.

माझी धाकटी जाऊ वनमाला माझ्या शेजारी बसली होती. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, ट्रकखाली सापडून गेला. त्याच्या विम्याचे पैसे तिनं बँकेत ठेवले होते. पोरीला, निकिताला, नर्सिंगला घालायचं म्हणून. त्या पैशाला तिनं हात लावला नव्हता, छप्पर गळायचं तरी नाही. वनमालेनं माझ्या हातातून दगड घेतला. नखानं भेगेत खरवडलं, नख पाहिलं आणि दगड पुढे दिला. ती कधीच फार बोलत नाही.

त्या महिन्यात गावातल्या तीसेक घरांनी मोबाईलवर खाती उघडली आणि शेअर घेतले.

आणि भाव वाढला.

चाराचे सात झाले, सातांचे अकरा. चहाच्या टपरीवर पेपर कुणी वाचेना, सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये. मुकादमानं पेढे वाटले. अकराचे सतरा झाले तेव्हा त्यानं नवी सायकल घेतली, ती चालवायचं वय नव्हतं तरी. मी दिसले की पोरंसुद्धा विचारत, "काय जी काकी, गेरूचा भाव काय आज?"

मी शिव्या द्यायचे. पण घरी येऊन चूल फुंकताना मनात यायचं, खरंच माती असेल तर? एवढे लोक शहाणे आणि मी एकटीच? मुकादमानं तीस वर्षं माल पारखला. मी कोण?

खरं सांगते, भाव वाढत गेला तसा माझ्या डोळ्यांतला गेरू धुऊन गेला.

तेविसाचा भाव झाला त्या दिवशी मी डोक्यावर पदर घेतला आणि सासरी आलेल्या हेमराजकडे गेले. माझे स्लॅबचे पैसे होते. कवेलूचं घर पक्कं करायला सात वर्षं जमवलेले. ते सगळे त्याच्यापुढे ठेवले.

"मामीजी, तुम्ही?" तो म्हणाला.

"तोंड काय पाहतो? घे शेअर," मी म्हटलं.

त्यानं घेतले. आणि खुशीत गावभर सांगितलं, "आता तर मामीजींनीही घेतले!"

गावात चार घरं अशी होती की माझी आरडाओरड ऐकून थांबली होती. सायत्राबाईचं एक त्यात. तेव्हा ती दगडाला कुरवाळत होती, पण मी ओरडल्यावर दचकून मागे सरली होती. या चार घरांनी दुसऱ्याच दिवशी पैसे टाकले. सायत्राबाईनं बकऱ्या विकल्या. सहाच्या सहा.

मी तेवढ्यावर थांबले नाही. तडक वनमालेकडे गेले. ती अंगणात धान पाखडत होती.

"वनमाले, बँकेतले पैसे काढ. दुप्पट होतील. पोरीचं नर्सिंग होईल आणि लग्नही होईल."

तिनं सूप खाली ठेवलं. "बाई, तुम्हीच तं म्हटलं होतं, दगड मोजून झालेला आहे."

"मी चुकले होते."

"तुम्ही चुकल्या असाल जी. गेरू नाही चुकला."

"तुले काय कळते गेरूतलं?"

"लग्नाआधी माहेरच्या खाणीत पाच वर्षं मीच कालवत होती तो. बाल्टीनं. त्याचा रंग नखात कसा राहते, मले माहीत आहे."

मला राग आला. असा राग की मी तिला बोलू नये ते बोलले. म्हटलं, "नवऱ्याच्या जिवाचे पैसे कवटाळून बस. पोरगी अशीच धानात वाकून मरेल, तेव्हा माझ्याकडे रडत येऊ नको."

तिनं सूप उचललं. पाखडायला लागली. मी निघून आले आणि सव्वा महिना तिच्याशी बोलले नाही.

मग एका सोमवारी भाव उतरला. लोक म्हणाले, उद्या चढेल. मंगळवारी आणखी उतरला. बुधवारी सगळे विकायला धावले, तर घेणारा कुणी नाही. रोज सकाळी बाजार उघडायचा, भाव एक पायरी खाली यायचा आणि तिथेच कुलूप लागल्यासारखा बसायचा. तेविसाचे वीस, विसाचे बारा, बाराचे पाच, पाचाचा दीड. डोंगरावर खोदायला कुणी गेलंच नव्हतं. शहरातल्या ज्या माणसानं हेमराजला डबी दिली, त्याचा फोन लागेना. त्यानं असे दगड कितीक डब्यांत घालून वाटले होते म्हणे.

गाव मुकादमाच्या दारात जमलं. हेमराज ओट्यावर मान खाली घालून बसला होता. त्याच्या बायकोच्या गळ्यात पोतसुद्धा उरली नव्हती, ती त्यानं आधीच शेअरमध्ये घातली होती. तरी लोक त्याला नाही नाही ते बोलले. बोलणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे. "मी सांगत होते! माझं कुणी खरं मानलं नाही!"

सायत्राबाईनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "मानलं होतं माय. तू घेतलं नसतं तं मी घेतलं असतं का?"

मी म्हटलं, "मी घेतले म्हणून तुले घे म्हटलं का?" आणि घरी येऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. वनमाला होती. हातात डबा. भात आणि वालाच्या शेंगांची भाजी. टोमणा नाही, "पाहिलं ना" नाही, काही नाही. डबा ठेवला, चुलीत लाकूड सारलं, आणि म्हणाली, "जेवून घ्या जी. उद्या निकिताचं अॅडमिशन आहे, भंडाऱ्याला. तुम्हाला यायचं आहे."

"मी कायले?"

"मोठी माय नको का सोबत?"

गेले. एसटीत खिडकीची जागा तिनं मला दिली. कॉलेजात पैसे भरले, पावती मिळाली. वनमाला पोरीला म्हणाली, "मोठ्या मायच्या पाया पड. तिनं सांगितलं म्हणून तुझे पैसे वाचले."

मला राहवलं नाही. सगळ्यांदेखत बोलले, "अग येडे, मी तर पैसे टाक म्हणत होते! शिव्या दिल्या तुला!"

वनमाला म्हणाली, "आधी नको म्हटलं होतं न. मी तुमचं पहिलं ऐकलं."

निकिता पाया पडली. मी तिला उचलून धरलं आणि तिथेच, ऑफिसच्या खिडकीपाशी, मोठ्यानं रडले. माझा आवाज कसा आहे ते सांगितलंच आहे. शिपाई धावत आला.

निकिता आता दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या सुटीत आली तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांची रक्तदाबाची तपासणी केली तिनं. सायत्राबाईचीही केली. माझं घर अजून कवेलूचंच आहे आणि पावसात दोन ठिकाणी गळतं. गळू दे. जे पैसे मी बुडवायला निघाले होते, ते पैसे शाबूत राहिले, याचे उपकार मी वनमालेचे मानते, रोज मानते. तिला सांगायला गेले तर ती म्हणते, "बाई, शेंगा निवडू लागा." मग निवडते.

त्या चारही घरी मी जाऊन आले. पैसे परत द्यायची माझी ऐपत नाही, पण तोंड दाखवायची होती. सायत्राबाईच्या अंगणात उभी राहून सांगितलं, "दगडात गेरू होता. मी पाहिला होता. पाहूनही घेतले." ती पाट सरकवून म्हणाली, "बस. चहा घे." तिचेही उपकार आहेत.

मुकादम म्हणतो, दोष हेमराजचा. हेमराज म्हणतो, डबीवाल्याचा. डबीवाला चोर आहे, त्याचं पाप त्याच्यापाशी, पोलिसात तक्रार दिली आहे, होईल तेव्हा होईल. पण चोराला खरं माहीत असतं म्हणून तो चोर, आणि हेमराजला माहीत नव्हतं म्हणून तो येडा. माहीत असून स्वतःचे पैसे टाकणारी, दुसऱ्यांना ओढणारी, आणि पोरीच्या शिक्षणावर उठणारी अख्ख्या गावात एकच निघाली. आणि वर्षभर तीच ओरडत होती की माझं कुणी खरं मानलं नाही. सगळ्यात आधी तिनंच मानलं नव्हतं.

तात्पर्य: ओळखीचा दगड पाहून अनोळखी डोंगर विकत घेऊ नये, आणि डोळ्यांनी पाहिलेलं खरं, भाव चढला म्हणून खोटं समजू नये. चार घरं बुडाली त्याचा दोष कुणाला द्यायचा असेल तर माझंच नाव लिहून घ्या: भागरता नेवारे.