तापवलेले रुपे

एकदा एक व्यापारी होता आणि तो फार सुरेख रडत असे. कोणाला गाता येते, कोणाला बोलता येते. याला रडता येत होते. त्या बाजारगावातल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत दरवर्षी उपवासकाळात साक्षीची सभा भरे आणि जो तो उभा राहून आपले पाप कबूल करी. व्यापाऱ्याची पाळी आली की बायका आधीच पदर डोळ्यांपाशी नेत. तो गुडघ्यांवर येई, छाती बडवी, आपल्यासारखा नीच कोणी नाही असे म्हणे आणि सदऱ्याची कॉलर भिजेपर्यंत रडे. सभा संपल्यावर लोक एकमेकांना सांगत, "शेठ अग्नीतून गेले बरं का. रुपं शुद्ध झालं." आगीत गाळून शुद्ध होणाऱ्या चांदीची, पवित्र शास्त्रातली ती उपमा होती, सर्वांच्या तोंडी बसलेली. तोंडी बसलेल्या उपमेचा अर्थ पाहण्याची तसदी आपण कोणीच घेत नाही.

या व्यापाऱ्याचा भांड्यांना कल्हई करण्याचा कारखाना होता. पितळी भांड्याला आतून कथलाचा मुलामा हवा, नाहीतर आंबट पदार्थ कळकतो. पण कथील महाग आणि शिसे स्वस्त. दिसायला दोन्ही पांढरीच, म्हणून शेठ कथलात शिसे मिसळी. मिशनच्या बोर्डिंगातली मोठाली पातेली याच कारखान्यात जात. त्यांत चिंचेची आमटी शिजे, चिंचेने शिसे उतरे आणि पोरे ते जेवत. आधी पोटे दुखू लागली. मग बोर्डिंगात स्वयंपाक करणाऱ्या बाईची नऊ वर्षांची मुलगी, सुवार्ता, हिची मनगटे गळाली. तिला पाटीवरची पेन्सिल धरता येईना. डॉक्टरांनी शिशाचे नाव घेतले, तेव्हा सारे उघड झाले. त्या वर्षी शेठ असा रडला की त्याला दोघांनी धरून उठवावे लागले. मंडळीने क्षमा केली. पातेली नव्या कल्हईसाठी पुन्हा त्याच्याच कारखान्यात गेली आणि लखलखीत होऊन परत आली.

त्या कल्हईत पुन्हा शिसे होते. हे मंडळीतल्या एकाच माणसाला कळले, आणि तो गप्प बसला.

हा माणूस म्हणजे मंडळीचा होणारा पाळक. गावात एक म्हातारा रुपे गाळणारा होता. शास्त्राचा त्याचा व्यासंग मोठा. त्याच्या भट्टीपाशी बसून हा तरुण धातूची पारख आणि शास्त्र दोन्ही शिकला होता. एके दिवशी बोर्डिंगाच्या स्वयंपाकघरात त्याने सहज एका पातेल्यात पांढरे फडके घासले. फडक्यावर करडी रेघ उमटली. अशी रेघ शिशाचीच उठते. त्याने फडके धुतले, वाळत टाकले आणि घरी गेला. पाळकाच्या नेमणुकीत शेठचा शब्द चाले, ही गोष्ट त्याला ठाऊक होती. पण स्वतःला त्याने निराळेच सांगितले. ज्याने एवढा पश्चात्ताप केला, त्याच्यावर संशय घेणे हेच पाप, असे त्याने स्वतःला सांगितले. शिकलेल्या माणसाला भित्रेपणासाठीसुद्धा चांगले शब्द सापडतात.

दोन महिन्यांनी शेठने प्रभुभोजनाच्या नव्या प्याल्यासाठी रुप्याचा एक गोळा दिला. येत्या रविवारी त्याला मंडळीचा पंच करायचे ठरले आणि त्याच्या गौरवाचे भाषण या तरुणाने करायचे. तो गोळा घेऊन शिष्य आपल्या गुरूकडे आला.

"गुरुजी, एवढं गाळून द्या. हिणकस दिसतंय."

म्हाताऱ्याने गोळा हातात घेऊन पाहिला. "भाता धर," एवढेच तो म्हणाला.

शिष्य भाता हाणू लागला. निखारे पांढरे झाले, मुशीतले रुपे लाल होऊन वितळले आणि वर काळी मळी तरंगली. ती काढण्यासाठी शिष्याने पळी पुढे केली, तर गुरूने त्याचा हात बाजूला सारला. हीण ओढून घेण्यासाठी शिसे टाकायचे, तेही त्याने टाकले नाही. "हाण," तो म्हणाला. तासाभराने पुन्हा म्हणाला, "हाण." शिष्याच्या तळहाताला फोड आले. शेवटी म्हाताऱ्याने मूस उचलली आणि मळीसकट सारे साच्यात ओतले. थंड झाल्यावर निघाला तो काळ्या डागांचा तसाच गोळा.

"घे. शुद्ध झालं."

शिष्याला वाटले, म्हातारपणी गुरुजींचे भान सुटले. "गुरुजी, मळी काढलीच नाहीत."

"नाही काढली."

"शिसंही टाकलं नाहीत."

"नाही टाकलं. पण तापलं किती, ते पाहिलंस ना? कसं लालबुंद झालं, पाण्यासारखं वितळलं. तुझ्या हाताला फोड आले. अजून काय पाहिजे?"

"हे शुद्ध म्हणून दिलं तर फसवणूक होईल," शिष्याचा आवाज चढला. "आणि ती कुठं, तर प्रभूच्या मेजावर."

"रागावलास?"

"रागावणारच."

"मग हा राग दोन महिने कुठं ठेवला होतास?" म्हातारा उठून उभा राहिला. "काल मी बोर्डिंगात गेलो होतो. पातेल्यात अंगठा फिरवला, तो काळा झाला. मला जे दिसलं ते तुला दिसलं नाही, असं शपथेवर सांग."

शिष्याने मान खाली घातली.

"शास्त्रातल्या त्या संदेष्ट्याने रुप्याची गोष्ट सांगितली, ती शुद्ध झालेल्यांची नाही रे. भाता जळाला, शिसं जळून गेलं, गाळणारा थकला आणि मळ होता तिथंच राहिला, अशी ती गोष्ट आहे. त्या रुप्याला त्याने टाकाऊ म्हटलं. आणि तुम्ही भट्टीची ऊब घेता न् म्हणता, काय छान तापलं! तापणं म्हणजे गाळणं नव्हे. चोरसुद्धा पकडला की तापतो. त्या शेठला तुम्ही दरवर्षी तापवता आणि मळीसकट परत साच्यात ओतता."

त्याने तो गोळा शिष्यापुढे सरकवला. "पण माझा राग त्याच्यावर नाही. हिणकस ते हिणकसच असतं. त्याच गोष्टीत देव संदेष्ट्याला म्हणतो, मी तुला पारखी नेमलंय. शेठला नेमलेलं नाही, तुला नेमलंय. जो पारखी कस लावतो, काळं बघतो आणि हात धुऊन घरी जातो, त्याला काय म्हणायचं ते तू सांग. काल त्या पोरीला पाण्याचा पेला उचलता आला नाही. आईने तोंडाला लावला, तेव्हा ती प्याली."

शिष्याने काळ्या डागांचा तो गोळा उचलला. त्याला स्वतःचीच किळस आली होती.

रविवारी भाषणाच्या वेळी तो उभा राहिला. "शेठना आज पंच करता येणार नाही," तो म्हणाला. "बोर्डिंगाच्या भांड्यांत पुन्हा शिसं आहे. मी स्वतः पाहिलंय."

शेठ तात्काळ गुडघ्यांवर आला. छाती बडवून तो रडू लागला आणि सवयीने बायकांचे पदर डोळ्यांकडे गेले. आपणच निर्दय आहोत असे शिष्यालाही क्षणभर वाटले. मग तो म्हणाला, "शेठ, रडू नका. कारखान्याची किल्ली द्या. आपण सगळे आत्ताच जाऊ आणि शिसं बाहेर काढू."

शेठचे रडणे थांबले. कोणी नळ बंद करावा तसे ते थांबले. तो उठला, त्याने गुडघ्यांवरची धूळ झटकली आणि कोरड्या आवाजात म्हणाला, "कारखान्याचा आणि देवळाचा काय संबंध?" मग चपला घालून तो निघून गेला.

शिष्य अजून उभा होता. तो चालत शेवटच्या बाकापाशी गेला. तिथे बोर्डिंगात स्वयंपाक करणारी ती बाई मुलीला मांडीशी घेऊन बसली होती.

"मावशी, दोन महिने मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "मी बोललो नाही."

त्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्या पाण्याची त्याला लाज वाटली आणि त्याने ते पुसून टाकले. आपल्याच हातची आमटी आपण पोरीला वाढली, हे बाईच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. क्षमेचा शब्द तिने काढला नाही.

"मग चला," ती उठत म्हणाली. "दुपारची चूल पेटायच्या आत भांडी बाहेर काढा."

उपासना तशीच अर्धी सोडून तो तिच्यामागून स्वयंपाकघराकडे गेला.