मानकूआयचं मडकं

घाण? मडक्याला घाण म्हणतो तो दिगंबर? धुण्याच्या सोड्याने घासलं त्याने! आणि वर मला सांगतो, "तात्या, देवळातलं मडकं कसं लख्ख केलं बघा." पळाला म्हणून वाचला. तुम्ही तरी ऐका, ते मडकं कोणाचं ते.

दर्यावर इंजिनं नव्हती, नुसती शिडं होती, तेव्हाची गोष्ट. आपल्या सावळखाडीत मानकू नावाची कोळीण राहायची. तिचा नवरा बाळक्या होडी घेऊन निघाला. जाताना बोलला, "पेज ठेव, आलो." तो आला नाय. तिने पेज टाकली नाय. रोज झाकण काढायची, त्यात मूठभर भात घालायची आणि परत झाकायची.

शेजारणी बोलायच्या, "मानकू, ओत गं ती पेज. वास मारते."

"कोळणीला वास शिकवता? कुजलेलं वेगळं, आंबलेलं वेगळं. माझी पेज जित्ती हाय."

असं म्हणतात, मडक्याला कान लावला की आतून वल्ही मारल्याचा आवाज यायचा.

मग एका साली ऊन पडलंच नाय. मासळी उदंड आली, पण वाळवायची कुठे? मिठागरं भरतीखाली गेली. मांदेली सडली, बोंबलात किडे पडले. पुढे सगळा पावसाळा, दर्या बंद. पोरं खाणार काय?

मानकूने मासळी साफ केली. घरात होतं नव्हतं ते मीठ चोळलं. मग कपाळाचं कुंकू पुसलं, आणि नवऱ्याच्या पेजेत मासळी बुडवली. तो यायचा नाय, हे त्या दिवशी तिने कबूल केलं.

झाकण उघडलं तेव्हा मासा घट्ट, आंबूस, किडा नाय. सगळा गाव पावसाळाभर जेवला. असं म्हणतात, मडकं बोटभरसुद्धा खाली गेलं नाय. तिने घराघरात पळीभर पेज दिली. "तळ दिसू देऊ नका. मडकं धुऊ नका."

ती गेली, आणि लेकीने मायेपोटी मडकं राखेने घासलं. मडकं मुकं झालं. त्यात घातलेली मासळी सडली. तेव्हा घराघरातून पळी पळी पेज परत आली, आणि मडकं पुन्हा बोललं, असं म्हणतात.

म्हणून पावसाळ्याच्या तोंडाला होड्या किनाऱ्यावर ओढल्या की आपण देवळातल्या मडक्यात घरची पळी घालतो आणि त्यातलीच पळी घरी नेतो. शाळेतली पोरं म्हणतात, त्यात चांगले जंतू असतात, ते वाइटांना आत शिरू देत नायत. असतील. आपण त्यांना मानकूआयची माणसं म्हणतो.

आणि दिगंबराने ती माणसं गटारात ओतली. होड्या वर आल्यात. मासळी टोपल्यांत पडलीय. मडकं कोरडं.

माना काय हलवताय? उठा. घरी जा आणि पळीभर पेज घेऊन या.